ऱ्हस्व, दीर्घ

रीगाच्या कोर्टात माझी खुर्ची त्याच्या डाव्या हाताला,
जरा मागे.
नियम असा, की 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही.
सरळ 'मी'.
म्हणून सकाळी साडेनऊपासून मी फर्गल आहे,
गॉलवेचा, छपरं दुरुस्त करणारा,
आणि एकसष्ट वर्षांची बाई भर कोर्टात सांगते आहे:
मी विमानतळावर गेलो. मी थांबलो.
कुणाची तरी शेवटची बॅग पट्ट्यावर फिरत राहिली,
मी बघत राहिलो.

कुणी हसत नाही. इथे सवय आहे.

मुलीचं नाव त्यांनी शोधून शोधून ठेवलेलं,
दोन्ही आज्यांच्या जिभेवर बसेल असं.
त्याच्या प्रतिज्ञापत्रात ती ऊना.
एवियाच्या जबाबात उना.
टायपिस्ट मला हळूच विचारते, पहिलं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ?
दोन्ही लिही, मी म्हणते.
रकाना एकच आहे, ती म्हणते.

एविया समोर. सात वर्षं ती ह्या माणसाशी
इंग्रजीत भांडली, इंग्रजीत रुसली, झोपेतही इंग्रजीत बरळली असेल.
आज तिला इंग्रजी येत नाही.
तिचा हक्कच आहे तो.

न्यायाधीशबाई तिसऱ्यांदा समजावतात:
चांगलं कोण, ते इथे ठरणार नाही.
कोण काय बोललं, कुठलं दार किती जोरात आपटलं, तेही नाही.
इथे एवढंच ठरेल, की ठरवायचं कुठे.
दोघंही मान हलवतात
आणि दोघंही पुन्हा त्या दारापाशी येतात.

कायद्याला हवंय 'नित्य वास्तव्य'.
पाच वर्षांच्या मुलीचं.
त्याचा वकील टेबलावर मांडतो: दातांच्या डॉक्टरचं कार्ड,
बालवाडीतल्या कोट टांगायच्या खुंटीचा फोटो, खुंटीवर खेकडा,
मार्चमधल्या दोन आठवड्यांच्या सुट्टीचं
परतीचं तिकीट, न वापरलेलं.
तिची वकील मांडते: इथली बालवाडी,
इथली खुंटी, खुंटीवर अळंबी.
मला विचारलं असतं (दुभाष्याला कोण विचारतं),
तर म्हटलं असतं, मध्यरात्री तहान लागली
की तिचा हात अंधारात कुठल्या भिंतीवर बटण शोधतो ते बघा.
पण अहवालात लिहिलंय, ती उठत नाही, हाक मारते.
कुठल्या भाषेत, ते आजीला सांगता आलं नाही.

चार वाजता खिडकीत काळोख. नोव्हेंबर.
निकाल दीड पानाचा.
परत पाठवावं. मुदत इतके दिवस, अपिलाला इतके.
'परत' हा शब्द त्याच्या कानात घालताना
मी तिच्याकडे बघत नाही.
मार्चमध्ये ती स्वतः त्याच शब्दाचं बोट धरून आली होती.

खाली कोट घ्यायच्या जागी ती थांबली.
वकील पुढे गेलेले.
माझ्याकडे बघून, आमच्या भाषेत म्हणाली,
सांगा त्याला, तिचे गमबूट आता होत नाहीत.
एकोणतीस नंबर लागतो. डावं पाऊल थोडं मोठं आहे.

माझे तास केव्हाच भरले होते. तरी मी सुरू केलं,
'तिचे गमबूट आता...'
त्याला तो शब्द येत होता. दिसलंच,
त्याचा चेहरा माझ्या आधी तिथे पोचला होता.
तरी तो गप्प उभा राहिला, माझं वाक्य पुरं होईपर्यंत.
मग विचारलं, एकोणतीस म्हणजे आमच्याकडचा कितवा?

मला माहीत नव्हतं.
मी तिच्याकडे वळले, प्रश्न उलटा करायला,
तर ती थेट त्याच्याकडे बघत होती.

'अकरा,' ती म्हणाली, इंग्रजीत.
'नाहीतर बारा घे.
मोजे घालेल.'